दोन बाळंतपणं

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चावीवाल्याच्या टपरीला लागून, चष्म्याचं एक चिंचोळं दुकान होतं. पुढे नवरा बसायचा, मागे बायको. नवरा गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून अक्षरांचा तक्ता वाचायला लावायचा, चार फ्रेमी नाकावर चढवून बघायचा आणि पाचवीला म्हणायचा, ही बघा, ही तुमच्यासाठीच केली होती. बायको पडद्यामागे काचा घासायची. काच येते गोल आणि फ्रेम असते कधी चौकोनी, कधी बदामी. त्या गोलाचा चौकोन करायचा आणि करताना काचेचा मध्य बुबुळासमोरून केसभरही हलू द्यायचा नाही, हे तिचं काम. गल्लीत सगळे तिला काचवाली म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा तिला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सासऱ्यांनी यंत्रापुढे बसवलं, आणि सहा महिन्यांत ती आपल्यापेक्षा सरस निघाली असं ते स्वतःच लोकांना सांगत सुटले.

काचवालीच्या किडन्या एका दिवसात गेल्या नाहीत. सात वर्षं त्या सावकाश जात होत्या. आधी रक्तदाब, मग पायांना सूज, मग तोंडाची चव गेली, मग जिना चढताना धाप. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं की दोन्ही किडन्या मिळून आता शंभरातले आठ हिस्से काम करतायत, यापुढे मशीनशिवाय भागायचं नाही. नवऱ्याने खिशातून रुमाल काढला. काचवालीने विचारलं, मशीनवर असताना हात हलवता येतो का, म्हणजे उजवा. पायाखालची जमीन सरकली वगैरे काही झालं नाही. रडू नंतर येईल, असं तिला वाटलं. नंतरही आलं नाही.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार सुरू झालं. डाव्या हाताची एक शीर दुसरीला जोडून जाडजूड करून ठेवली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आत मांजर घुरघुरतंय असं वाटे. सकाळी सातला त्यात दोन सुया जात आणि अकराला निघत. अंगातलं सगळं रक्त कितीदा तरी बाहेर जाऊन, धुऊन, परत येई. घरी येऊन ती डब्यातलं अळणी जेवण जेवे, तासभर पडे आणि दोनला यंत्रापुढे बसे. प्यायचं पाणी मोजून. काचा मात्र चुकत नव्हत्या. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, बायको खमकी आहे, कशाकशाला म्हणून डगमगली नाही. ती पडद्यामागून ऐके आणि मनात म्हणे, डगमगायला आत काहीतरी लागतं.

त्यांना एकुलती एक मुलगी. चोवीस वर्षांची, दुसऱ्या शहरात विमानतळावर सामान तोलायच्या खिडकीत कामाला. बातमी कळल्यावर ती चार दिवसांची रजा टाकून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली की किडनी मी देणार. नवरा म्हणाला, मी धडधाकट बसलोय ना इथे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांचंही रक्त घ्यायला सांगितलं. नवऱ्याचा रक्तगट कुणालाही चालणारा निघाला. तेव्हापासून त्याच्या अंगात वारं शिरलं. साखर सोडली, सकाळी फिरायला जायला लागला, चावीवाल्याला आणि गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून सांगायला लागला की आमचा गट सगळ्यांना चालतो, आता महिन्या-दोन महिन्यांची गोष्ट.

तपासण्यांसाठी एक लांबलचक फॉर्म भरायचा होता. काचवालीचा हात मशीनला बांधलेला, म्हणून नवऱ्याने शेजारी स्टुलावर बसून भरला. पूर्वीचे आजार, ऑपरेशनं, रक्त चढवलं आहे का. एका रकान्यात ‘बाळंतपणं’ असं होतं. तिथे त्याने ‘१’ लिहिलं. मग फॉर्म तिच्यापुढे धरला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, तो आकडाही वाचला, आणि उजव्या हाताने सही केली.

तीन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला की दोघांनी या, बोलायचं आहे.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत त्या दिवशी आणखी एक बाई बसल्या होत्या. तपासणीच्या प्रयोगशाळेतल्या. किरकोळ अंगाच्या, हातात कागदांचं बाड. त्यांचा चष्मा डाव्या बाजूला कलला होता, आणि एवढ्या जवळचं वाचणाऱ्या बाईने असा चष्मा घालून दिवस काढू नये, असं काचवालीच्या मनात आलं.

"तुमच्या रक्तातलं पाणी आणि तुमच्या मिस्टरांच्या पांढऱ्या पेशी आम्ही एकत्र ठेवल्या," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या. "पेशी मेल्या."

"किती?" काचवालीने विचारलं.

"जवळजवळ सगळ्या."

नवरा हसला. म्हणाला, अठ्ठावीस वर्षांच्या संसाराचा परिणाम असेल. डॉक्टरीणबाई थोड्याशा हसल्या, तपासणीवाल्या बाई हसल्या नाहीत.

मग डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावून सांगितलं. रक्तगट जुळला म्हणजे सगळं जुळलं असं नसतं. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याच्या त्याच्या खुणा असतात. अंगात परक्या खुणा आल्या की शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. काचवालीच्या रक्तात नेमक्या नवऱ्याच्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी होत्या, आणि भरपूर. त्याची किडनी बसवली तर ती तासाभरात काळी पडेल. टाके घालायलाही उसंत मिळायची नाही.

"पण माझं काही हिच्या अंगात गेलंय कधी?" नवऱ्याने विचारलं, आणि विचारून झाल्यावर स्वतःच ओशाळला.

"गेलंय ना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूल."

मूल आईच्या पोटात असतं तेव्हा त्याच्या खुणांतल्या अर्ध्या आईच्या असतात, अर्ध्या वडिलांच्या. आईच्या शरीराला वडिलांचा अर्धा परका. बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर ते लक्षात ठेवतं. पुष्कळ बायकांच्या बाबतीत होतं, यात कुणाची चूक नाही. म्हणून मुलीचीही किडनी चालणार नव्हती. तिच्यात तोच अर्धा होता.

इथपर्यंत नवऱ्याला पटलं. तो मान हलवत होता. मग तपासणीवाल्या बाईंनी बाडातून दोन कागद काढून शेजारी शेजारी ठेवले.

"एकच गोष्ट अडते," त्या म्हणाल्या. माणसाच्या खुणांचे दोन संच असतात आणि मुलाला वडिलांकडून त्यातला एकच मिळतो. मुलीला वडिलांचा कुठला संच मिळाला ते तिच्या रक्तावरून कळलं होतं. त्या संचाविरुद्ध काचवालीच्या अंगात अँटीबॉडी आहेत, ते ठीक. पण वडिलांच्या दुसऱ्या संचाविरुद्धही आहेत. मुलीमध्ये तर तो नाही. मग हे शरीराला कुठून कळलं? "रक्त कधी चढवलं होतं?"

"नाही."

"मग आणखी एखादं बाळंतपण? पडलेलं, राहिलेलं, कसंही. फॉर्मवर एकच लिहिलंय."

टेबलावर प्लास्टिकची एक किडनी ठेवलेली होती, मधून कापलेली, आतले रंग दाखवणारी. नवरा तिच्याकडे बघत बसला.

"दोन," काचवाली म्हणाली. "पहिली पण मुलगी होती. आठव्या महिन्यात झाली. जिवंत नव्हती."

"किती वर्षं झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"सव्वीस."

तपासणीवाल्या बाईंनी पेन उघडलं, ‘१’वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ‘२’ लिहिलं. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "धाकटीने वडिलांचा हा संच घेतलाय, आणि थोरलीने दुसरा."

एवढं बोलून त्यांनी कागद परत बाडात घातले. त्यांच्या दृष्टीने अडलेलं सुटलं होतं. काचवाली त्यांच्या कललेल्या चष्म्याकडे बघत राहिली. त्या मुलीला कुणी थोरली म्हटलेलं तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यावर काय वाटायला हवं ते तिला कळेना. कान गरम झाले, तेवढंच.

पुढे दोन वाटा होत्या, त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्या. एक म्हणजे या अँटीबॉडी धुऊन काढायच्या. पाच-सहा वेळा रक्तातलं पाणी बदलायचं, बरोबर औषधं द्यायची, आणि त्या पुरेशा खाली आल्या की नवऱ्याची किडनी बसवायची. पंधरा दिवसांत सुरू करता येईल. पण शरीर हट्टी असतं, पुन्हा तयार करू शकतं, म्हणून धोका राहतोच. दुसरी वाट अदलाबदलीची. ज्यांचं घरातल्या घरात जुळत नाही अशा जोड्यांची यादी असते. नवऱ्याची किडनी दुसऱ्या कुणाला, त्या माणसाच्या नातेवाइकाची हिला. अशा किडनीचा धोका कमी, पण जोडी मिळायला तीन महिने लागतील की वर्ष, ते सांगता येत नाही. विचार करून कळवा, त्या म्हणाल्या.

बसमध्ये दोघं एकाच बाकावर बसले. सात थांबे गेले.

सव्वीस वर्षांपूर्वी काय झालं ते काचवालीला तुटक तुटकच माहीत होतं. दोन दिवस पोटात हालचाल नव्हती. मग इंजेक्शनं, मग रात्रभर कळा, मग कुणीतरी तिला झोपेचं औषध दिलं. जाग आली तेव्हा खोली पुसून काढलेली होती आणि नणंद उशाशी बसून तिचे केस विंचरत होती. काय करायचं ते नवऱ्याने आणि नणंदेने करून टाकलं होतं. घरी आली तर शिवलेली झबली, दुपटी सगळी कपाटातून गायब. दहाव्या दिवशी ती यंत्रापुढे बसली. त्या विषयाचा घरात कुणी ब्र काढला नाही, आणि कुणी काढत नाही म्हणून तिनेही काढला नाही. दीड वर्षाने दुसरी झाली, रडत, ओरडत, दोन्ही मुठी वळलेली. मग तर विषयच संपला.

मुलीला नवऱ्याने फोनवर सांगितलं की दोघांचंही जुळत नाही, बाळंतपणामुळे असं होतं म्हणे. कुठलं बाळंतपण ते त्याने सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याने सगळं ठरवूनच टाकलं होतं. धुवायचं. पंधरा दिवसांत सुरू. तो तारखाही काढून बसला होता, त्या आठवड्यात दुकान बंद ठेवायचं, नणंदेला बोलवायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असताना तो पडद्याआड आला आणि म्हणाला की आज डॉक्टरीणबाईंना होकार कळवतो.

काचवालीच्या हातात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची जाड काच होती. ती यंत्राच्या चाकावर पाणी सोडत म्हणाली, "धुवायचं नाही."

"म्हणजे?"

"अदलाबदलीत नाव घाला."

नवऱ्याने समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. वर्ष गेलं तर? मध्येच हाताची शीर बंद पडली तर? अंगात घाण साठवून कशाला बसायचं? आणि घरची किडनी असताना कुणा परक्याची, ओळख ना पाळख, आपल्या अंगात घ्यायची, हे त्याला काही केल्या पटत नव्हतं. त्याला द्यायची होती ती तिला. कुठल्या तिऱ्हाइताला नव्हे. ती काच फिरवत राहिली. शेवटी त्याने विचारलं, निदान का ते तरी सांग.

"माहीत नाही," ती म्हणाली. आणि तिला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई ‘धुऊन काढू’ म्हणाल्या तेव्हा तिच्या मनाने ‘नको’ म्हटलं होतं. त्याच्या मागेपुढे काही शब्द नव्हते. अदलाबदल केली तरी किडनी टिकवायच्या गोळ्यांनी या अँटीबॉडी कदाचित आपोआप कमी होतील, हेही तिने खोदून विचारून घेतलं होतं. होवोत कमी. मुद्दाम बसून धुवायच्या नव्हत्या.

नवरा काचांच्या डब्यांच्या खोक्यावर बसला. मग तो म्हणाला, "तिला केस होते."

तिने चाक बंद केलं नाही. थोडा दाब कमी केला, इतकंच.

"भरपूर होते. ओले. नर्सने टॉवेलात गुंडाळून हातात दिली. धरा म्हणाली, मी कागद घेऊन येते."

"कुणासारखी होती?"

"बघितलं नाही मी," नवरा म्हणाला. "केस दिसले, मग मी भिंतीकडे बघत बसलो. ती कागद घेऊन येईपर्यंत."

"किती वेळ?"

"असेल पाच मिनिटं. नीट बघायला हवं होतं. तू विचारशील असं वाटलं होतं मला. रोज वाटायचं, आज विचारशील. मग विचारलं नाहीस."

काच जराशी जास्त घासली गेली होती. फ्रेमीत सैल बसली असती. काचवालीने ती बाजूला ठेवली, डब्यातून त्याच नंबरची दुसरी काढली आणि तिचा मध्य खुणेने आखायला घेतला. नवरा उठला, बाहेर गेला, शटर वर केलं. त्या संध्याकाळी त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून अदलाबदलीच्या यादीत नाव घालायला सांगितलं.

त्यानंतर सात महिने गेले. त्या सात महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मशीनच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षिका बसत, त्या शब्दकोडी सोडवत आणि अडलं की काचवालीला विचारत. एका बुधवारी त्या आल्या नाहीत, शुक्रवारी त्या खुर्चीत एक वाणी बसलेला होता. कुणी काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. हाताची शीर एकदा बंद पडली, आत बारीक फुगा फुगवून उघडली. मुलगी दर रविवारी फोन करी आणि दर रविवारी चिडलेली असे, कशावर ते तिलाही सांगता येत नसे. नवरा सकाळचं फिरणं सोडायला तयार नव्हता. कुणाला का होईना, चांगल्या अवस्थेत द्यायची, असं म्हणायला लागला होता.

आठव्या महिन्यात जोडी मिळाली. बंदरावर क्रेन चालवणारा एक माणूस होता, त्याच्या किडन्या गेलेल्या. बहीण द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट त्याला चालत नव्हता. काचवालीला चालत होता. नवऱ्याचा गट क्रेनवाल्याला चालत होता. तपासणीवाल्या बाईंनी पुन्हा पेशी आणि रक्तातलं पाणी एकत्र ठेवलं. या वेळी स्वतः फोन केला.

"सगळ्या जिवंत आहेत," त्या म्हणाल्या.

चारही ऑपरेशनं एकाच दिवशी होती. कुणी ऐनवेळी माघार घेऊ नये म्हणून तसंच करतात. मुलगी आदल्या दिवशी आली. सकाळी साडेसहाला नवऱ्याला आधी नेलं. हिरव्या झग्यात तो एकदम बारका दिसत होता. चाकाच्या खाटेवरून जाताना तो काचवालीला म्हणाला, "अगं, त्या क्रेनवाल्याला नीट सांभाळायला सांग हं." ती म्हणाली, सांगते. मग तिला नेलं. भूल देणाऱ्याने शंभरापासून उलटं मोजायला सांगितलं. ती नव्वदपर्यंत पोचली असेल.

क्रेनवाल्याला बसवलेली किडनी टेबलावरच चालू झाली. नळी लावल्या लावल्या पिशवी भरायला लागली, असं वॉर्डमधली नर्स येऊन नवऱ्याला सांगून गेली. पोटाला टाके असतानाही तो असा चेहरा करून बसला की जणू मुलाचा निकाल लागलाय आणि मुलगा पहिला आलाय. काचवालीची मात्र सुस्त होती. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी थोडं, मग हळूहळू वेग आला. सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई समाधानी होत्या. आठव्या दिवशी रक्तातला आकडा वर गेला. नवव्या दिवशी आणखी वर.

सुई घालून किडनीचा तुकडा काढला आणि तपासला. शरीराने किडनी नाकारायला सुरुवात केली होती. डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सांगितलं की हे त्या जुन्या अँटीबॉडींचं काम नाही. या ताज्या पेशी आहेत, नव्या माणसाची ओळख पटायला त्यांना आठवडा लागतो आणि मग त्या चढाई करतात. हे बऱ्याचदा होतं. तीन दिवस जोरदार स्टेरॉइड देऊ, बहुतेक वेळा शांत होतात.

"नाही झाल्या तर?" मुलीने विचारलं.

"तर दुसरं औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या औषधाने काचवालीची झोप उडाली, भूक खवळली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक चमत्कारिक गोष्ट झाली. नर्सच्या हातून चमचा पडला. स्टीलचा साधा चमचा. तो खाटेखाली घरंगळत गेला आणि काचवाली रडायला लागली. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, चांगली वीस मिनिटं. मुलगी घाबरली. नर्सने चमचा उचलला आणि म्हणाली, काळजी करू नका, हे औषधाचं रडू आहे, सगळ्यांना येतं. काचवालीने तोंड पुसलं. औषधाचं असेल तर ठीक आहे, तिला वाटलं, ते आपलं म्हणून धरायला नको. संध्याकाळी बिस्किटाचा पुडा उघडेना म्हणून ती पुन्हा रडली.

चौथ्या दिवशी आकडा उतरला. पाचव्या दिवशी आणखी.

त्याच दिवशी क्रेनवाल्याची बहीण तिला भेटायला आली. एवढ्या दिवसांत दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं. ती पोहायला शिकवायची. रुंद खांद्यांची, मोकळी ढाकळी बाई, टाक्यांवर हात धरून चालत आली. खुर्चीत बसली आणि काचवालीच्या पोटाकडे बघून म्हणाली, "काय म्हणतेय? त्रास देतेय ना? सासरी गेली तरी माझ्यासारखीच. ऐकत नाही पहिल्या दिवसापासून."

काचवालीला हसू आलं. हसताना टाके दुखले. तिने विचारलं की भावाचं कसं आहे. तो मजेत आहे, बहीण म्हणाली, फक्त एकसारखा विचारतोय की चष्मेवाल्याची किडनी घेतल्यावर डोळे सुधारतात का. मग दोघी बराच वेळ पाण्याबद्दल बोलल्या. काचवालीला पोहता येत नव्हतं. टाके सुकले, डॉक्टरांनी परवानगी दिली की ये, बहीण म्हणाली, पन्नाशीच्या बायका सगळ्यात भराभर शिकतात, त्यांना लाज वाटून घ्यायला वेळ नसतो.

घरी आल्यावर तीन महिने तिने दुकानाचं तोंड बघायचं नाही, असं ठरलं. तोंडाला मास्क, गर्दी नाही, बारा बारा तासांनी गोळ्या, एक मिनिट इकडे तिकडे नाही. नवरा महिन्याभराने दुकानात जायला लागला. काचा बाहेरून घासून आणायचा आणि रोज संध्याकाळी कुठली कशी वाकडी आली ते तक्रारीच्या सुरात सांगायचा. मधूनच तो काहीही कारण नसताना बोलायला लागे. एकदा जेवताना म्हणाला की त्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीला पोपटी रंग होता. ती म्हणाली, मला कसा दिसणार. मग दोघं जेवत राहिले.

मुलगी आणखी एकदा रजा काढून आली, आणि निघायच्या दुपारी स्वयंपाकघरात सफरचंद सोलत बसली होती. आईने न सोललेलं काही खायचं नाही, म्हणून सालं जाड काढत होती. काचवाली समोर बसली होती. तिने आधी काही ठरवलं नव्हतं. पण मुलगी तासाभरात जाणार होती, आणि डॉक्टरांच्या कागदावर आता तो आकडा लिहिलेला होता, कधी ना कधी मुलीच्या नजरेला पडलाच असता.

"तुझ्याआधी एक झाली होती," ती म्हणाली.

मुलीची सुरी थांबली नाही. "माहितीये," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"आत्याने. मी अकरा वर्षांची होते तेव्हा. आई-बाबांना विचारू नकोस म्हणाली."

"मग?"

"मग नाही विचारलं." तिने सालाची लांब पट्टी ताटलीत ठेवली. "तुम्ही दोघं कधी काही बोलला नाहीत. मला वाटलं, मला माहीत नाही असंच तुम्हाला हवंय."

तेरा वर्षं ही पोरगी हे घेऊन या घरात जेवली, झोपली, भांडली, परीक्षा दिल्या. काचवालीने तिच्याकडे पाहिलं. छातीत काहीतरी हललं, दुखल्यासारखं, आणि या वेळी ते औषधाचं नव्हतं, कारण तो डोस कधीच उतरला होता.

"बहीण असती तर, असं वाटायचं का तुला?" तिने विचारलं.

मुलीने विचार केला. "भांडण झालं की वाटायचं," ती म्हणाली. "तुमचं दोघांचं माझ्याशी. वाटायचं, ती असती तर माझ्या बाजूने असती. की तुमच्या, काय माहीत."

"थोरल्या आईबापांच्या बाजूने असतात."

"मग बरंच झालं म्हणायचं," मुलगी म्हणाली आणि लगेच मान वर करून बघितलं, आपण फार बोललो का म्हणून. आई हसत होती. म्हणजे तोंड हसत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मुलीने सफरचंदाच्या फोडी केल्या, बिया काढल्या आणि ताटली आईपुढे सरकवली. मग हात धुऊन ती आईच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. दोघींनी ती ताटली संपवली. चारला तिने पिशवी उचलली. काचवाली मास्क लावून तिच्याबरोबर दोन जिने उतरून कोपऱ्यावरच्या थांब्यापर्यंत गेली, धाप न लागता. बस रिकामीच आली. मुलगी चढली, खिडकीशी बसली, आणि बस वळेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.